विषय : नाक्यावरचा फोटो काढणेबाबत

मावळता सूर्य चिमटीत धरायला माणसाला किमान सात मिनिटं लागतात. आधी हात फार वर जातो, मग फार खाली. मग नवरा म्हणतो, "बोटं जवळ घे." बायको म्हणते, "घेतलीत, तूच नीट बघ." तोवर सूर्य कंटाळून अर्धा पाण्यात गेलेला असतो. अशा वेळी वाळूत पालथा पडून, एक डोळा मिटून, "ताई, अंगठा जरा डावीकडे, तुमच्या डावीकडे, माझ्या नव्हे," असं ओरडणारा एक जाडा गृहस्थ तुम्ही रायगडच्या किनाऱ्यावर पाहिला असेल. तो मी. विलास फोटोवाला. अलिबागच्या दक्षिणेला आंबेखार म्हणून गाव आहे, तिथे नाक्यावर माझा स्टुडिओ आहे.

लोकांना वाटतं, फोटोवाला बटण दाबतो. बटण कोणीही दाबेल. आमचं खरं काम म्हणजे आपला फोटो निघतोय हे समोरच्याला विसरायला लावणं. पासपोर्ट फोटोला माणूस खुर्चीत बसला की त्याचा चेहरा फौजदारी खटल्यातल्या आरोपीसारखा होतो. मी विचारतो, "सकाळी काय खाल्लंत?" तो आठवू लागतो. आठवणारा चेहरा नेहमी बरा दिसतो. तेवढ्यात मी दाबतो. लग्नात नवरीकडच्या एखाद्या काकू तोंड वाकडं करून बसलेल्या असतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, त्यांच्या शेजारणीकडे वळवायचा. काकू लगेच हसतात.

किनाऱ्यावर पूर्वी आम्ही गळ्यात नमुन्यांचा अल्बम अडकवून फिरायचो आणि दहा मिनिटांत प्रिंट हातात द्यायचो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरी माझं काम सुटलेलं नाही, कारण सगळ्यांनाच फोटोत यायचं असतं आणि फोटो काढणारा एक तरी बाहेर लागतो. "काका, एक काढा ना," म्हणून फोन माझ्या हातात येतो. मी सतरा काढतो. त्यातला ते एकच ठेवतात, ज्यात बायको बरी आलेली असते.

इतक्या वर्षांत हजारो फोटो काढले. त्यातला खरोखर उत्तम म्हणावा असा एकच आहे, आणि आमच्या गावात मध्यंतरी जो तमाशा झाला तो त्याच फोटोने घडवला.

फोटो आहे चांगुणामावशीचा. मावशी बंदरावरच्या बाजारात मासळी विकते. तीस-एक वर्षं तिची बसायची जागा बदललेली नाही आणि तिचा शब्दही. मासळी कालची असेल तर ती स्वतःच सांगते. "कालचं हाय. तुला न्हाय देत. मांजराला पायजे तर ने." त्यामुळे आमच्या वाड्यांमधल्या कुठल्याही घरात "मावशीकडचं आहे" एवढं म्हटलं की पुढे कोणी वास घेऊन बघत नाही.

एका सकाळी मी बारशाचे फोटो उरकून बोंबील घ्यायला गेलो होतो. कॅमेरा गळ्यातच होता. बाहेरगावचा एक व्यापारी आला, त्याने मावशीच्या पाटीतल्या पापलेटचा कल्ला बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाला, "जरा नरम वाटतंय." मावशीने ते पापलेट उचललं, त्याच्या नाकाखाली धरलं आणि जे काही म्हणाली ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. म्हणून झाल्यावर तिलाच हसू आलं. डोकं मागे टाकून ती अशी हसली की पडलेला एक दात आणि सोन्याचा एक दात, दोघांवर ऊन पडलं. मी बटण दाबलं. तिला विचारलं नाही. अशा वेळी कोण विचारतं? विचारलं असतं तर ते हसू तिथेच मिटलं असतं.

तो फोटो मोठा करून मी स्टुडिओच्या आतल्या भिंतीवर लावला, गिऱ्हाइकं केस विंचरतात त्या आरशाच्या वर. मावशी कधी स्टुडिओत येत नाही, त्यामुळे तिला पत्ता नव्हता. एकदा केतनशेठ पासपोर्ट फोटो काढायला आले. हे मुंबईचे. आमच्याकडची एक वाडी विकत घेऊन तिथे त्यांनी रिसॉर्ट काढलंय. त्याचं नाव सांगत नाही. इथली सगळी नावं 'सागर'पासूनच सुरू होतात. त्यांनी आरशात न बघता वर बघितलं आणि म्हणाले, "विलासभाई, काय फ्रेम आहे यार. ये तो आर्ट है. आपल्या डायनिंगमध्ये लावतो." माझ्या फोटोला आर्ट म्हणणारा पहिला माणूस तो. मी तिथल्या तिथे फोटो पेनड्राइव्हवर घालून दिला आणि वर चहाही पाजला.

पुढच्या मोसमात नाक्यावर होर्डिंग उभं राहिलं. घराएवढं. त्यावर मावशी. तोंड एवढं मोठं उघडलेलं की त्यात रिक्षा उभी राहावी. सोन्याचा दात परातीएवढा. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'मावशीच्या हातची ताजी मासळी. आमच्याकडेच.'

आता खरी गोष्ट अशी की त्या रिसॉर्टात मासळी येते ती बर्फाच्या खोक्यातून, कुठून ते त्यांनाच ठाऊक. मावशीच्या पाटीतला नखाएवढा जवळासुद्धा तिकडे कधी गेला नव्हता. पण पर्यटकांना हे कसं कळणार? रात्री तिकडची सुरमई खाऊन ज्यांचं पोट बिघडायचं, ते सकाळी बाजारात येऊन मावशीला ओळखायचे. "अहो, काल तुमच्याकडचं खाल्लं आणि आम्ही झोपलोच नाही." मावशी म्हणायची, "माज्याकडचं? मी तुला कवा दिलं?" मग ते मागे नाक्याकडे बोट दाखवायचे. एकाने तर तिच्या पाटीसमोर उभं राहून मोबाइलवर भाषण केलं, की मित्रांनो, इथे येऊ नका.

तेही तिने सोसलं असतं. पण एके दिवशी आमच्या शाळेतल्या जुन्या बाई, ज्या मावशीकडून पंचवीस वर्षं मासळी नेतात, त्या आल्या आणि बोलता बोलता त्यांनी बोट पुढे करून पापलेटचा कल्ला दाबून पाहिला. मी शेजारीच होतो. मावशीने ते पापलेट उचललं, फडक्याने पुसलं आणि बाजूला ठेवलं. "ह्ये नको नेऊ बाई," म्हणाली, "दाबलेलं हाय." त्या दिवशी तिने पाटी लवकर आवरली.

मी घरी येऊन जेवलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. जेवलो. पण बोंबील गोड लागले नाहीत.

मावशी आधी केतनशेठकडे गेली. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही तर फेमस झालात." मग ती ग्रामपंचायतीत गेली. तिथला शिपाई बाळू हा गावाचा बिनपगारी अर्जलेखक. त्याने तिच्या सांगण्यावरून लिहिलं, 'माझा नाक्यावरचा फोटो काढावा, ही विनंती.' आणि वर विषय घातला, 'नाक्यावरचा फोटो काढणेबाबत.'

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या धंद्याचं सगळं क्रियापद एकच आहे, काढणे. फोटो घ्यायचा असेल तरी काढायचा आणि भिंतीवरून उतरवायचा असेल तरी काढायचाच. आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण कुठला अर्थ घ्यायचा हे माणूस समोर बघून ठरवतो. पण ग्रामसेवक भाऊसाहेब समोर बघून काम करणाऱ्यांतले नव्हते. ते घाटावरून नुकते बदलून आलेले, अतिशय सज्जन आणि कागदाला कागद लावणारे. त्यांनी अर्ज वाचला. एका वृद्ध महिलेला नाक्यावर आपला फोटो काढून हवा आहे. असेल कुठल्या तरी योजनेसाठी. त्यांनी शेरा मारला, 'मान्य. स्थानिक छायाचित्रकारामार्फत कार्यवाही करावी.'

शेऱ्याची चिठ्ठी बाळूने मला आणून दिली. अर्ज मी पाहिलेला नव्हता. मला एवढंच कळलं की मावशीला फोटो हवाय. म्हणजे ती रागावलेली नाही. मला इतका आनंद झाला की मी चांगला शर्ट घातला, कॅमेरा घेतला आणि तिला नाक्यावर बोलावून घेतलं.

"मावशी, पंचायतीचा हुकूम आहे. तुझा फोटो काढायचाय."

तिने वर होर्डिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काढ की. शिडी कुटं हाय?"

"शिडी कशाला? इथून काढतो."

"इथून? तुजा हात पोचंल?"

"हात नको. लेन्स मोठी आहे."

ती बाजूला सरकली. मी म्हटलं, "सरकू नकोस. तिथेच थांब." ती थांबली. मी दाबलं आणि म्हणालो, "काढला."

मावशी वर बघत राहिली. "कुटं काढलास? हाय तसाच हाय."

"हा काय," म्हणून मी तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. वर ती, खाली ती, दोघींची तोंडं उघडी.

त्यानंतर ती जे बोलली ते व्यापाऱ्यासाठी ठेवलेल्या साठ्यातलं होतं. मग थोडी शांत झाली आणि म्हणाली, "कोन्या मेल्यानं त्यो चोरून काढला, त्ये मना कलायला पायजे."

"असेल कोणी पर्यटक," मी म्हणालो. हे म्हणताना मी लेन्स पुसत होतो. लेन्स स्वच्छ होती.

मावशीने दुसरा अर्ज दिला. तोही बाळूनेच लिहिला. 'मला न विचारता माझा फोटो काढला. तक्रार केल्यावर आणखी एक काढला. तरी याचा कायमचा बंदोबस्त व्हावा.' भाऊसाहेबांना आपल्या हातून चूक झाली याचं फार वाईट वाटलं. त्यांनी दोन दिवस खपून मसुदा तयार केला आणि फळ्यावर लावला. 'आंबेखार हद्दीतील सार्वजनिक ठिकाणी कोणीही कोणाचाही फोटो पूर्वपरवानगीशिवाय काढू नये, असे प्रस्तावित आहे. हरकती ग्रामसभेत मांडाव्यात.'

गावाने सर्वप्रथम काय केलं असेल, तर त्या नोटिशीचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो मुंबईतल्या नातेवाइकांकडून फिरून भाऊसाहेबांच्याच फोनवर परत आला, 'तुमच्या भागात असं झालंय म्हणे, काळजी घ्या' या मजकुरासह.

'प्रस्तावित' हा शब्द कोणी वाचला नाही. बाळूने तर दुसऱ्या दिवशी शाळेतून एक शिट्टी मिळवली आणि किनाऱ्यावर गस्त सुरू केली. गावात दोन तट पडले. बंदीच्या बाजूने सर्वांत जोरात बोलत होते ते एक प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांना मधुमेह आहे. अलिबागला कोर्टात तारीख आहे असं घरी सांगून ते किनाऱ्यावर बर्फाचा गोळा खात होते, आणि कुठल्याशा कुटुंबाच्या फोटोत मागे स्पष्ट आले. तो फोटो फिरत फिरत त्यांच्या सौभाग्यवतींपर्यंत पोचला. "खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे," असं ते आता भेटेल त्याला सांगत होते. बंदीच्या विरोधात होते लग्नघरवाले, कारण आमच्याकडे मांडव रस्त्यावरच पडतो. नवरीचा फोटो काढायला पंचायतीची परवानगी, मग नवरीच्या आत्याचा वेगळा अर्ज का? घोडागाडीवाल्याने विचारलं, घोडा 'कोणाचाही' यात येतो का. भाऊसाहेब म्हणाले, वरिष्ठांना विचारून सांगतो.

भाऊसाहेबांची स्वतःची अडचण तर सर्वांत मोठी. सरकारी कामाचा फोटो काढून पाठवल्याशिवाय वर कोणाचा विश्वास बसत नाही. संडास बांधला की संडासाचा फोटो, समोर मालक उभा. गटार झालं की गटाराचा फोटो, समोर सरपंच उभ्या. आता त्यालाही परवानगी हवी. त्यांनी स्वतःलाच अर्ज केला, आणि मसुदा अजून मंजूर नसतानाही, त्यात एक त्रुटी काढून तो स्वतःलाच परत पाठवला.

परवानगीच्या अर्जाचा नमुनाही निघाला. सोबत अर्जदाराचे दोन पासपोर्ट फोटो जोडायचे होते. माझ्या दुकानाबाहेर रांग लागली. फोटो काढायची परवानगी हवी म्हणून आधी फोटो काढायला आलेली माणसं.

मग कोणीतरी शोध लावला की पंचायतीची हद्द भरतीच्या रेषेपर्यंतच आहे. त्यापुढे समुद्र, तो कोणाचाच नाही. झालं. आंबेखारात फोटोचा धंदा तिथीवर चालू लागला. पुनवेच्या ओहोटीला अर्धा मैल कायदेशीर वाळू मिळायची. अष्टमीला पाणी मध्येच रेंगाळतं, तेव्हा कायदाही रेंगाळायचा. भरतीच्या वेळी बाळू शिट्टी वाजवून म्हणायचा, "मागं सरा, मागं. हद्दीत आलात." नवी जोडपी सरत सरत गुडघाभर पाण्यात जायची, मग कमरेएवढ्या. एका जोडप्याचा विवाहपूर्व फोटो मी काढला, त्यात दोघांची फक्त डोकी आहेत आणि दोघंही घाबरलेली आहेत. त्यांना तो फार आवडला. इकडे वाडीवाल्यांनी आपापल्या कुंपणांवर पाट्या लावल्या. 'खाजगी जागा. येथे फोटो काढता येतील. नारळ काढू नयेत.'

आणि मी काय केलं? मी फोटो बचाव समिती स्थापन केली आणि तिचा अध्यक्ष झालो. पोटाचा प्रश्न होता हे खरं. पण आणखी एक कारण होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही. जोपर्यंत गाव 'फोटो काढावा की काढू नये' यावर भांडत होतं, तोपर्यंत 'तो फोटो कोणी काढला' हे कोणी विचारत नव्हतं. स्टुडिओतल्या फोटोवर मी केव्हाच कॅलेंडर अडकवून ठेवलं होतं. नाक्यावर मी भाषण केलं. ते उत्तम झालं, उगाच विनय कशाला? "कॅमेरा हा समाजाचा डोळा आहे," असं मी म्हणालो आणि टाळ्यांसाठी थांबलो. मावशी गर्दीच्या मागे पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. टाळ्यांच्या आधी तिचाच आवाज आला.

"डोला मिटता बी येतो की."

माझ्या भाषणाचा उरलेला भाग मला आठवला नाही.

त्यानंतर आठवड्याभरात मावशीने स्वतःच कारभार हाती घेतला. आंबे काढायची लांब काठी घेऊन ती होर्डिंगखाली आली आणि फ्लेक्सच्या कोपऱ्याला आकडी लावून ओढू लागली. बाळू शिट्टी वाजवत धावला.

"मावशी, फोटो काढायला बंदी हाय."

"म्हनून तर काढतेय."

"अगं, काढायला बंदी म्हंजे काढायचा न्हाय."

"मीच बंदोबस्त करा म्हनून अर्ज दिला ना? तूच लिवलास ना?"

"व्हय. म्हनूनच बंदी झाली."

आवाज ऐकून केतनशेठ गाडीतून उतरले. त्यांनी नोटीस वाचली होती आणि त्यांना ती कळलीही होती, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली. "मावशी, रूल इज रूल. सार्वजनिक ठिकाणी कोणाचाही फोटो काढायचा नाही. लिहिलंय ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटिशीची प्रत प्लास्टिकमध्ये घालून होर्डिंगच्या खांबालाच लावली. मावशीच्या तक्रारीवरून निघालेला कागद आता मावशीच्या फोटोचं रक्षण करत होता. ती तिथे उभी राहून ते बघत होती. तोवर बाजारात आणखी तीन घरांची गिऱ्हाइकं कल्ले दाबू लागली होती.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली, सकाळी अकराला. एवढी गर्दी आमच्याकडे फक्त पालखीला होते. पहिला तासभर घोडा, मांडव आणि भरतीची रेषा यावर गेला. गोळेवाले गृहस्थ मूलभूत हक्कावर बोलले. त्यांच्या सौभाग्यवती पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, म्हणून थोडक्यात बोलले. मग मावशी उठली.

"मना येवडंच सांगा. माजा त्यो फोटो काढनार का न्हाय?"

भाऊसाहेब नम्रपणे म्हणाले, "मावशी, तुमच्याच तक्रारीवरून काढणं बंद करतोय."

"बंद का? मी तर काढा म्हनते."

"पण 'काढला' अशी तक्रार तुमचीच आहे."

"व्हय. काढला म्हनून काढा."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोन्ही अर्ज समोर ठेवून पुन्हा वाचले. तेव्हा सरपंच सुनंदाताई, ज्या सभेत फारसं बोलत नाहीत, त्या हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्या उतरवा म्हणतायत."

हा एक शब्द इतके दिवस कोणी वापरला नव्हता. मावशीला काय हवंय हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि भाऊसाहेबांनाही ठाऊक असणारच, असं प्रत्येकाला वाटत होतं.

केतनशेठ उभे राहिले. "एक मिनिट. उतरवा कसं? मी चोरलेला नाही. फोटोग्राफरने स्वतः दिलाय, खुशीने."

"कोण फोटोग्राफर?" सुनंदाताईंनी विचारलं.

केतनशेठनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग छताकडे पाहू लागले. त्या माणसाबद्दल मी काहीही म्हणत असलो तरी हे कबूल केलं पाहिजे, की त्यांनी नाव घेतलं नाही. मी समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत होतो. कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "तो फोटो मी काढला."

मावशीचा चेहरा उजळला. "काढलास?" ती नाक्याच्या दिशेने वळून बघू लागली, पडवीच्या खांबाआडून दिसतंय का म्हणून. "कवा काढलास? सकाली? बरं केलंस रे बाबा. देव तुजं भलं करो."

कोणी हसलं नाही. माझ्या धंद्यात मी माणसांचे चेहरे बघत आलोय. तो चेहरा मी पाहिला आणि माझ्या हातात कॅमेरा नव्हता याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"उतरवला नाही, मावशी," मी म्हणालो. "तो पापलेटवाला व्यापारी आला होता ना, त्याला तू बोललीस आणि मग हसलीस, तेव्हा मी घेतला. आणि केतनशेठना मीच दिला."

ती खाली बसली. पाटीतलं फडकं उचलून उगाच हात पुसले. म्हणाली, "मग त्यो पर्यटक?"

"तोही मीच."

"हां," मावशी म्हणाली. "मग तूच काढ."

या वेळी अर्थ कोणी विचारला नाही.

केतनशेठ तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांना म्हटलं, दिला होता तो डायनिंगला, नाक्याला नव्हे, आणि आता तो परत घेतला. सुनंदाताईंनी विचारलं, "काही हरकत?" केतनशेठनी पडवीतल्या दोनशे माणसांकडे बघितलं. हरकत नव्हती.

उंची मला सोसत नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा झाला तरी मी आधी खाली बसून विचार करतो. बाळूने शिडी आणली, चार जणांनी धरली, आणि अख्खी ग्रामसभा नाक्यावर येऊन उभी राहिली. मी चढलो. तिसऱ्या पायरीवर मागून पहिला क्लिक ऐकू आला. मग दुसरा. मग मोजणं सोडलं. खाली दोनशे माणसं होती आणि दोनशे फोन माझ्या विजारीच्या मागच्या बाजूवर रोखलेले होते. त्यात बंदीच्या बाजूचे होते, विरोधातले होते, गोळेवाले गृहस्थही होते. "अध्यक्ष, जरा इकडे," कोणीतरी म्हणालं. मला कोणी विचारलं नाही.

दोऱ्या सोडवताना मी सूचना केली होती की कोपरे एकेक करून सोडू. पण बाळूला उत्साह आवरेना. त्याने खालून दोन्ही दोऱ्या एकदम कापल्या, आणि ती मोठी मावशी माझ्या अंगावर कोसळली. मी शिडीला मिठी मारून राहिलो. खालून जे दृश्य दिसलं त्याचा फोटो तुमच्याकडेही आला असेल. मावशीच्या उघड्या तोंडातून फक्त माझे दोन पाय बाहेर आहेत. भाऊसाहेबांनी तर तो केलेल्या कामाचा पुरावा म्हणून वर पाठवला. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं, 'फोटो काढण्यात आला. सबब फोटो काढण्यावरील बंदीचा विषय निकाली काढण्यात आला.' हे वाचून बाळू मला विचारायला आला की हे तिसरं काढणं कुठलं.

केतनशेठनी नवीन होर्डिंग लावलं. त्यावर आता एक भली मोठी कोळंबी आहे. तिची अजून तक्रार आलेली नाही. उतरवलेला फ्लेक्स मावशीने घडी घालून नेला. जाड होता. कोळंबीचे सोडे वाळवताना ती तो खाली अंथरते, चित्राची बाजू वाळूकडे करून. पंधरा-वीस दिवसांनी शाळेतल्या बाई आल्या, त्यांनी दोन पापलेटं सांगितली आणि पिशवी उघडून धरली. बोट पुढे केलं नाही. मी मुद्दाम थांबून बघत होतो.

स्टुडिओतल्या भिंतीवरचाही तो फोटो मी कॅलेंडरसकट उतरवला. आरशाच्या वर आता चौकोनी पांढरा डाग आहे. आणि मी विचारायला लागलो. बारशाला, बाजारात, किनाऱ्यावर, बटण दाबण्याआधी विचारतो, "काढू का?" त्याने धंदा बिघडला असं नाही, पण फोटो बिघडले. विचारलं की माणसं ताठ होतात, पोट आत घेतात, शर्टाचं वरचं बटण लावतात. बारा महिने मी शाळेच्या गटाचे फोटो काढतोय असं मला वाटतं. तसं हसू पुन्हा मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

मावशीलाही विचारतो. दर वेळी. बोंबील घेतो, कॅमेरा गळ्यात असतोच.

"मावशी, काढू का?"

"न्हाय."

"बरं."

सुरुवातीला ती मान वर न करता 'न्हाय' म्हणायची. हल्ली आधी पदर सारखा करते, कपाळावरचे केस मागे घेते, सोन्याचा दात दिसेल न दिसेल इतपत ओठ हलवते, माझ्याकडे नीट बघते, आणि मग म्हणते.